लशीच्या चाचण्या बाहेरच्या लॅबकडून करून घेताना: कोल्हापुरात बसून काय काय सांभाळायचं

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, गोकुळ शिरगावात किंवा विद्यापीठाच्या एखाद्या विभागात लशीवर काम सुरू केलं की एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. लस बनवणं हे निम्मं काम. ती नेमकी काय आहे, शुद्ध आहे का आणि दिल्यावर शरीरात काय घडतं हे आकड्यांत दाखवणं हे उरलेलं निम्मं. त्यासाठी लागणारी सगळी यंत्रं आणि माणसं स्वतः उभी करणं छोट्या कंपनीच्या आवाक्यात नसतं, म्हणून कंत्राटी लॅब शोधली जाते. कोटेशन मागवलं की चाचण्यांची नावं आणि समोर दर असा तक्ता येतो, आणि माणसं त्यावर भराभर बरोबरच्या खुणा करत सुटतात.

पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा नमुना लॅबच्या दारात पोचायच्या आधीच, असं माझं मत आहे. त्यामुळे पुढच्या मजकुरात लॅबपेक्षा आपल्याच टेबलावरच्या कामाबद्दल जास्त आहे.

उदाहरणासाठी एकच लस धरू: गायींसाठीची, पेशींमध्ये तयार केलेल्या रिकॉम्बिनंट (जनुकात बदल करून बनवून घेतलेल्या) प्रथिनाची, अ‍ॅल्युमवर (प्रतिसाद वाढवणाऱ्या, अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराच्या कणांवर) बसवलेली. २०२२ मध्ये लम्पीनं गोठ्यांचे काय हाल केले ते या जिल्ह्यानं पाहिलंय, त्यामुळे जनावरांच्या लशीचं उदाहरण इथं कुणाला परकं वाटू नये. माणसांच्या लशीला जिथं वेगळं काही लागतं तिथं तसं सांगतो.

१. आधी प्रश्न लिहा

एक्सेलमध्ये चार रकाने करा. नमुना कोणता, त्याला विचारायचा प्रश्न कोणता, कोणता आकडा आला तर आपण काय करणार, आणि तो आकडा शेवटी कुणाला दाखवायचा.

तिसरा रकाना भरताना घाम फुटतो, आणि तोच कामाचा. ‘दुसऱ्या डोसनंतर २८व्या दिवशी अँटीबॉडी मोजणे’ एवढं लिहून भागत नाही. ‘१० मायक्रोग्रॅमच्या गटाचा टायटर (नमुना किती पट पातळ केला तरी अँटीबॉडी सापडते तो आकडा) ३० मायक्रोग्रॅमच्या गटाच्या जवळपास असेल तर पुढचा अभ्यास १० वर करायचा’ हे लिहिलं की लॅबला किती अचूकता हवी ते आपोआप ठरतं. निकाल काहीही आला तरी आपण पुढं तेच करणार असू, तर ती चाचणी आत्ता यादीतून काढून टाका. अशी एखादी तरी सापडतेच.

चौथा रकाना खर्च ठरवतो. आकडा फक्त आपल्या टीमसाठी असेल तर साधी, पण नीट नियंत्रित चाचणी पुरते. तोच आकडा नियामकाकडं जाणाऱ्या फाइलमध्ये बसणार असेल तर पद्धतीचं व्हॅलिडेशन (ती भरवशाची आहे हे पुराव्यानिशी दाखवणं), कच्चा डेटा, गुणवत्ता विभागाची तपासणी हे सगळं मागं यावं लागतं. संशोधनासाठी केलेला आकडा वर्षभरानं फाइलमध्ये घुसवायचा प्रयत्न करू नका. तपासणाऱ्याला ते पहिल्याच पानावर दिसतं.

२. कोणत्या चाचण्या, आणि त्यांतल्या खोडी

ढोबळ मानानं तीन गठ्ठे पडतात. पहिला शुद्धतेचा आणि सुरक्षिततेचा: निर्जंतुकता, मायकोप्लाझ्मा (पेशींच्या कल्चरमध्ये शिरणारे अगदी बारीक जीवाणू), एंडोटॉक्सिन (जीवाणूंच्या आवरणातलं विष), बाहेरून शिरलेले विषाणू, पेशींचे उरलेले डीएनए आणि प्रथिनं. दुसरा लशीच्या ताकदीचा, म्हणजे पोटन्सीचा. तिसरा शरीरातल्या प्रतिसादाचा: एलायझा (प्लेटवर रंगावरून अँटीबॉडी मोजणं), न्यूट्रलायझेशन (अँटीबॉडी विषाणूला किती रोखतात ते बघणं), टी-पेशींच्या (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) चाचण्या.

पहिल्या गठ्ठ्यात कॅलेंडर आधी बघा. निर्जंतुकतेच्या चाचणीला १४ दिवस लागतात. कल्चर पद्धतीनं मायकोप्लाझ्मा तपासायला २८ दिवस. पेशींवर वाढवून परके विषाणू शोधायलाही काही आठवडे जातात. लॅबला जास्त पैसे देऊन जंतू लवकर वाढत नाहीत, तेव्हा गुंतवणूकदाराला तारीख देण्याआधी हे दिवस मोजा.

आता अ‍ॅल्युम. आपल्या उदाहरणातली लस गढूळ असते. निर्जंतुकतेची चाचणी गाळणीतून करायची तर गाळणी तुंबते. माध्यमात थेट टाकायची तर माध्यम मुळातच गढूळ दिसतं, मग जंतू वाढले का ते डोळ्यांना कळणार कसं? त्यासाठी १४ दिवसांनंतर थोडा भाग ताज्या माध्यमात घालून आणखी किमान चार दिवस ठेवावा लागतो. लशीत थायोमर्सलसारखं परिरक्षक असेल तर तेच जंतूंना दाबून ठेवतं आणि चाचणी खोटी ‘पास’ होते. म्हणून आपल्या लशीत मुद्दाम थोडे जंतू सोडून ते वाढतात का हे लॅबनं आधी दाखवलं पाहिजे. याला मेथड सूटेबिलिटी म्हणतात, आणि स्वस्त कोटेशनमध्ये बरेचदा हीच ओळ गायब असते.

एंडोटॉक्सिनच्या एलएएल चाचणीतही अ‍ॅल्युम आडवं येतं. ठरावीक एंडोटॉक्सिन वरून घालून त्यातलं ५० ते २०० टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळतंय का, हे रिपोर्टमध्ये दिसलं पाहिजे. नुसता ‘मर्यादेपेक्षा कमी’ हा शेरा पुरेसा नाही.

पोटन्सीचं दुखणं तिसरंच. अँटीजेन म्हणजे लशीतलं ते प्रथिन, ज्याला शरीर प्रतिसाद देतं. अँटीजेन अ‍ॅल्युमला घट्ट चिकटून बसलेलं असतं, साध्या एलायझाला ते सापडतच नाही. एकतर सायट्रेट किंवा फॉस्फेट बफरनं ते सोडवून घ्यावं लागतं, किंवा अ‍ॅल्युमवर असतानाच मोजायची पद्धत बसवावी लागते. सोडवताना प्रथिनाचा आकार बिघडत नाही ना, हा प्रश्न लॅबला विचाराच. समोरचा माणूस यावर दोन मिनिटं नीट बोलू शकला तर लॅब अर्धी पसंत समजायला हरकत नाही.

पेशींच्या उरलेल्या डीएनएसाठी, सलग वाढणाऱ्या पेशींवर बनवलेल्या माणसांच्या लशींना जागतिक आरोग्य संघटनेची १० नॅनोग्रॅम प्रति डोस ही मर्यादा सगळीकडं वापरली जाते. जनावरांच्या लशीत इतका काच नसतो, पण पेशींचा वापर पुढं माणसांच्या लशीसाठी करायचा विचार असेल तर आत्ताच मोजून ठेवलेलं बरं.

३. मान्यतांचा गोंधळ

‘आम्ही जीएलपी आहोत, एनएबीएलही आहोत’ असं फोनवर सांगतात आणि ऐकणारा निर्धास्त होतो. या दोन्ही गोष्टींचं काम वेगवेगळं आहे.

एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) आयएसओ १७०२५ मान्यता चाचणीनिहाय मिळते. पाण्याच्या तपासणीसाठी मान्यता असलेली लॅब न्यूट्रलायझेशनसाठी मान्य ठरत नाही. स्कोपचा (कोणत्या चाचण्यांना मान्यता आहे त्याचा) कागद मागवा आणि आपली चाचणी, आपल्या प्रकारचा नमुना त्यात शोधा. जीएलपी (चांगल्या प्रयोगशाळा पद्धती) ही प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या वगैरे अभ्यासांसाठीची व्यवस्था. ती केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालचं प्राधिकरण देतं, आणि २०११ पासून भारतातले असे अभ्यास ओईसीडी (प्रगत देशांची आर्थिक संघटना) देशांत मान्य होतात. माणसांवरच्या चाचण्यांतून आलेल्या रक्ताच्या नमुन्यांना जीसीएलपी, म्हणजे क्लिनिकल प्रयोगशाळांसाठीची तशीच नियमावली, बघायची. आयसीएमआरनं त्याची मार्गदर्शक तत्त्वं २००८ मध्ये काढली आणि २०२१ मध्ये सुधारली. बाजारात जाणाऱ्या बॅचची चाचणी दुसऱ्याकडून करून घ्यायची असेल तर त्या लॅबकडं औषध नियमांखालची फॉर्म ३७ ची मान्यता लागते.

आणि कितीही चांगली खासगी लॅब धरली तरी माणसांच्या लशीची बॅच बाजारात सोडताना कसौलीची केंद्रीय औषध प्रयोगशाळा मध्ये येतेच. जनावरांच्या लशींसाठी बागपतच्या राष्ट्रीय पशु आरोग्य संस्थेचं नाव लक्षात ठेवा.

आपल्या बाजूचे कागदही तपासा. चाचणीपुरती लस बनवायलाही फॉर्म २९ चा परवाना लागतो. रिकॉम्बिनंट काम असेल तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची आणि त्यापुढं आरसीजीएमची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागातल्या जनुकीय कामाच्या आढावा समितीची) मंजुरी. प्राण्यांना सुई लावायच्या आधी प्राणी नैतिकता समितीची मंजुरी. चांगली लॅब हे कागद पाहिल्याशिवाय नमुना आत घेत नाही. जी लॅब मागतच नाही तिच्यापासून चार हात लांब राहा.

४. लॅबला काय विचारायचं

भेट द्या. पुण्याची असेल तर पहाटे निघून रात्री परत येता येतं. हैदराबादची असली तरी एकदा जाच. कॉन्फरन्स रूममधली स्लाइड लवकर उरकायला सांगा आणि तीन गोष्टी पाहा.

उणे ८० चा फ्रीझर पहिला: अलार्म कुणाच्या फोनवर वाजतो आणि रविवारी रात्री वाजला तर कोण येतं. दुसरी, फसलेली चाचणी. ग्राहकाचं नाव झाकून एखादी रद्द झालेली प्लेट दाखवा म्हणावं, ती का रद्द केली, कुणी सही केली. ‘आमच्याकडं चाचणी फसत नाही’ म्हणणारी लॅब एकतर खोटं बोलतेय किंवा फसलेलं लपवतेय. तिसरी, आपलं काम प्रत्यक्ष करणारा माणूस. तो किती दिवस तिथं आहे आणि सुट्टीवर गेला तर दुसरा तयार आहे का. न्यूट्रलायझेशनसारख्या चाचणीत हात बदलला की आकडा हलतो.

विषाणूचं बंधनही असतं. लाळ्या-खुरकताचा जिवंत विषाणू हाताळणाऱ्या प्रयोगशाळा देशात मोजक्याच आहेत, तिथं खासगी लॅब निवडायचा प्रश्नच फारसा येत नाही. अशा वेळी जिवंत विषाणू न लागणारी पद्धत कितपत पुरेल याचा विचार पहिल्या पायरीवरच करावा.

५. पद्धत आपल्या नमुन्यावर बसवून घ्या

लॅबची एलायझा उत्तम असेल, पण ती माणसाच्या सीरमवर (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवावर) बसवलेली असेल तर गायीच्या सीरमला जशीच्या तशी चालत नाही. जोड अँटीबॉडी (सीरममधल्या अँटीबॉडीला धरून रंग देणारी) गायीची ओळखणारी लागते. त्यात आपल्या उदाहरणात एक आडवळण आहे: अँटीजेन बनवताना पेशींना वासराचं सीरम घातलं असेल तर त्याचे अंश अँटीजेनसोबत प्लेटवर जाऊन बसतात, आणि गायीची अँटीबॉडी शोधणारी ती जोड अँटीबॉडी त्यांनाच धरते. प्लेटच्या सगळ्या विहिरी (खळगे) पिवळ्या, म्हणजे सगळेच नमुने पॉझिटिव्ह! म्हणून लसीकरणाआधीचं, शून्याव्या दिवसाचं सीरम प्रत्येक जनावराचं हवंच. त्याशिवाय जुन्या संसर्गाची किंवा आधीच्या लशीची अँटीबॉडी आपल्या खात्यावर जमा होते.

नियंत्रण सीरमचा एक मोठा साठा सुरुवातीलाच करून ठेवा: जोरदार, मध्यम, कमजोर आणि शून्य. छोट्या नळ्यांत भरून प्रत्येक प्लेटवर हेच चार चालवायला सांगा. सहा महिन्यांनी किटची बॅच बदलली, माणूस बदलला, तरी काय हललं ते या चौघांवरून कळतं. ज्या रोगासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण सीरम उपलब्ध आहे तिथं आपले आकडे त्याच्याशी जोडून घ्या. रेबीजमध्ये ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय युनिट) प्रति मिलिलिटर हा आकडा जगभर समजतो तो असं प्रमाण असल्यामुळेच. कोविडच्या सुरुवातीला प्रत्येक लॅबचा टायटर वेगळ्या भाषेत होता. डिसेंबर २०२० मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण आलं आणि सेपीनं (लशींच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं) केंद्रीकृत लॅबचं जाळं उभं केलं, फरिदाबादची टीएचएसटीआय ही संशोधन संस्था त्यात होती, तेव्हा कुठं तुलना शक्य झाली.

व्हॅलिडेशनच्या प्लॅनवर सही करण्याआधी अचूकता, पुनरावृत्ती, मोजमापाची खालची मर्यादा आणि पॅरलेलिझम हे चार शब्द त्यात आहेत का बघा. पॅरलेलिझम म्हणजे सीरम पातळ करत नेलं की त्याची रेषा प्रमाण सीरमच्या रेषेला समांतर उतरते का. उतरत नसेल तर दोन्हीत मोजलं जातंय ते एकच नाही, आणि ‘इतके युनिट’ म्हणण्याला आधार राहत नाही.

६. करार

दराचा कागद आणि गुणवत्ता करार वेगळे ठेवा. दुसऱ्यात हे स्पष्ट हवं: कच्चा डेटा कुणाचा आणि किती दिवसांत मिळणार, निकाल मर्यादेबाहेर आला तर पुन्हा चाचणी कोण ठरवणार, किटची किंवा पेशींची बॅच बदलण्याआधी आपल्याला कळवणार का, काम पुढं तिसऱ्याच लॅबला देणार असतील तर आपली परवानगी घेणार का. चाचणी लॅबच्या चुकीनं रद्द झाली तर फेरचाचणी फुकट, हे लिहून घ्या. तोंडी सगळेच हो म्हणतात.

गोपनीयतेचा करार करून झाल्यावर मात्र ताकाला जाऊन भांडं लपवू नका. अ‍ॅल्युम किती, परिरक्षक कोणतं, बफरमध्ये काय, पेशी कोणत्या हे लॅबला सांगितलंच पाहिजे. ‘नमुना ए’ एवढंच लिहून पाठवलं तर वरच्या सगळ्या खोडी त्यांना अंधारात शोधाव्या लागतील, आणि बिल आपल्याला येईल.

लपवायचं ते एकच: कोणती नळी कोणत्या गटातली. नळ्यांवर फक्त कोड घाला, गटांची किल्ली आपल्याकडं कुलपात ठेवा.

७. नमुना घेणं आणि पाठवणं

इथं घाई करू नका, कारण इथं बिघडलेलं पुढं कुठलीही लॅब दुरुस्त करू शकत नाही.

भुदरगड, पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर रक्त घ्यायचं आणि बाइकच्या डिकीतून खड्ड्यांतून आणायचं, असं केलं की सीरम लालभडक निघतं. नळी उभी ठेवा, सावलीत अर्धा ते एक तास गोठू द्या, जमलं तर जागेवरच किंवा तालुक्याच्या ठिकाणी सेंट्रीफ्यूज करून सीरम वेगळं करा. गोठायच्या आधी बर्फात घालू नका. प्रत्येक सीरमच्या किमान दोन नळ्या करा. एक जाते, एक इथंच राहते. सगळा साठा एका पेटीत घालून पाठवणं म्हणजे जुगार. लेबल अति थंडीत टिकणारं घ्या, साधी चिकटपट्टी उणे ८० ला सुटून पडते आणि तळाशी बेवारस नळ्यांचा ढीग होतो.

टी-पेशींच्या चाचण्यांचं गणित निराळं. त्यासाठी हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त साध्या तापमानाला ठेवून, शक्यतो आठेक तासांत पेशी वेगळ्या कराव्या लागतात. सकाळी गडहिंग्लजला रक्त घेऊन संध्याकाळी पुण्याच्या लॅबमध्ये काम सुरू होईल हे कागदावर जमतं, महामार्गावर जमेलच असं नाही. कोल्हापुरातच पेशी वेगळ्या करून गोठवायची सोय करा आणि द्रव नायट्रोजनच्या शिपरमधून पाठवा. ती सोय होत नसेल तर ही चाचणी यादीतून काढणं मी पसंत करेन. मेलेल्या पेशींचा आकडा कशालाच उपयोगी नाही.

आता पेट्या. सीरम ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) जातं. अ‍ॅल्युमची लस २ ते ८ अंशांत जाते आणि ती गोठता कामा नये, कारण गोठली की अ‍ॅल्युमचे कण गुठळ्या धरतात आणि ताकद जाते, परत येत नाही. दोन्हींचं पार्सल एकाच लॅबला जातंय म्हणून एकाच पेटीत भरण्याचा मोह होतो. दोन पेट्या करा. लशीच्या पेटीतले जेल पॅक फ्रीझरमधून काढल्या काढल्या व्हायलला टेकवू नका. त्यांना घाम सुटून आत थोडं पाणी हलू लागेपर्यंत बाहेर ठेवा. दोन्ही पेट्यांत तापमानाची नोंद करणारा डेटा लॉगर हवा.

ड्राय आइसचं तापमान उणे ७८.५ अंश. तो उडून जातो, आणि किती वेगानं ते पेटीवर अवलंबून. त्यामुळे खरा नमुना पाठवण्याआधी पेटीत पाण्याच्या नळ्या भरून, ड्राय आइस घालून गोदामात ठेवा आणि दर बारा तासांनी वजन करा. मे महिन्यात केलं तर उत्तम. प्रवासाला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ पुरेल एवढा बर्फ भरायचा, हा माझा हिशेब. पेटी हवाबंद करू नका, वायूला वाट हवी, नाहीतर फुटेल. बंद गाडीत काचा थोड्या खाली ठेवा, कारण तो कार्बन डायऑक्साइड आहे आणि चालकाला गुदमरवू शकतो. सीरमच्या नळ्यांची झाकणंही घट्ट हवीत, आत वायू शिरला की सीरमचा सामू (पीएच) उतरतो. बाहेर यूएन १८४५ चं लेबल आणि ड्राय आइसचं वजन, तसंच जैविक नमुन्यासाठी यूएन ३३७३, आणि आत तीन थरांचं पॅकिंग. उजळाईवाडीहून विमानानं पाठवायचं असेल तर ड्राय आइस घेतात का हे आदल्या दिवशीच विचारा.

सोमवारी किंवा मंगळवारी पाठवा. शुक्रवारची पेटी रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहते. पुण्यातल्या गणपती विसर्जनाचा आणि पालख्यांचा दिवस टाळा. आणि पावसाळा विसरू नका: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. रक्त घ्यायच्या तारखा जुलैअखेर ते ऑगस्ट येत असतील तर पंचगंगेची पातळी बघत बसण्यापेक्षा नमुने इथंच, जनरेटर असलेल्या फ्रीझरमध्ये ठेवून नंतर पाठवा. तसंही एका जनावराचे सगळ्या दिवसांचे नमुने एकाच प्लेटवर चालवणं जास्त विश्वासार्ह असतं, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही.

८. रिपोर्ट वाचताना

शेवटचं पान सोडून नियंत्रण सीरमचे आकडे आधी बघा. ते मर्यादेत नसतील तर पुढचं वाचायचं कारण नाही.

टायटर दुपटीच्या पायऱ्यांनी वाढतो. एका जनावराचा ८० आणि दुसऱ्याचा १६० म्हणजे एक पायरी, आणि एवढा फरक तोच नमुना दोनदा तपासला तरी येऊ शकतो. त्यावर ‘दुप्पट प्रतिसाद’ असं मथळ्यात लिहू नका. सरासरीही साधी काढायची नाही. चार गायींचे टायटर ४०, ८०, १६० आणि ६४० असतील तर साधी सरासरी २३० येते. भौमितिक सरासरी सुमारे १३५ येते, आणि तीच खरं चित्र दाखवते, कारण ६४० वाली एकटी गाय पहिल्या आकड्याला वर खेचते. ‘२० पेक्षा कमी’ असा शेरा असलेल्या नमुन्यांना हिशेबात काय धरलं, १० की २० की शून्य, ते रिपोर्टमध्ये लिहिलेलं हवं. भौमितिक सरासरीत शून्य धरताच येत नाही. कुणी धरलं असेल तर गणित करणाऱ्याला फोन लावा.

डेटा लॉगरची नोंद रिपोर्टला जोडून फाइल करा. लॅबमध्ये उरलेल्या नळ्यांचं काय करायचं हे महिन्याभरात लेखी कळवा. नाहीतर साठवणुकीचं बिल चालू राहतं, किंवा करारातली मुदत संपली की नळ्या नष्ट होतात.